सिलोनचा हात आणि नाथाची काठी

लिंबागणेशात बद्रीनाथांना सगळे मास्तर म्हणत, पण शाळेशी त्यांचा काडीचा संबंध नव्हता. ते तारमास्तर. निजामाच्या मुलखात परभणी, नांदेड, जालना असं फिरत तारेचं बटण बडवण्यात त्यांची हयात गेली. शेवटी उजव्या हाताची बोटं आखडायला लागली, भाकरीचा घाससुद्धा धड मोडेना, तेव्हा साहेबानं त्यांना पेन्शनीवर काढलं. दोन ट्रंका, एक वळकटी, एक लाकडी पेटी आणि बायको सावित्रीबाई, एवढा संसार बैलगाडीत घालून मास्तर गावी परतले. फसली साल असेल तेराशे चव्वेचाळीस-पंचेचाळीस, म्हणजे इंग्रजी एकोणीसशे पस्तीसच्या आसपास. गाव त्यांचं होतं खरं, पण गावाला ते फारसे आठवत नव्हते.

आता तारमास्तराला एक खोड जडते, ती सांगितल्याशिवाय पुढचं कळायचं नाही. तार पाठवून झाली की मास्तर थांबतो. शंभर कोसांवर दुसरा कोणी मास्तर बसलेला असतो, त्याचं तोंड कधी पाहिलेलं नसतं, तो तिकडून टिचक्या मारून कळवतो, मिळालं म्हणून. त्या टिचक्या आल्याशिवाय पुढच्या तारेला हात लावायचा नाही, असा कायदा. जन्मभर प्रत्येक मजकुरामागे असा होकार ऐकलेला माणूस गावात येऊन बसला, आणि इथे कोणी कशाला हूं की चूं करीना. ओट्यावर बसून मास्तर येणाऱ्याजाणाऱ्याला राम राम घालत. लोक मान हलवून पुढे जात. सावित्रीबाईंकडे पाणी मागितलं तर त्या मुकाट्यानं तांब्या आणून ठेवत. मास्तर चिडत, ऐकलं म्हण की, असं म्हणत. पाणी तर आणलं की हो, आणखी काय म्हणू, असं त्यांचं उत्तर, आणि त्यांचंही काही चूक नव्हतं.

त्या लाकडी पेटीत बिनतारी यंत्र होतं. जालन्याला असताना एका मिशनच्या गोऱ्या डॉक्टरशी मास्तरांची ओळख झाली होती. हा गडी दिवसभर लोकांची गळवं फोडायचा आणि दिवेलागणीला कानाला दोन चकत्या लावून बसायचा. मास्तरांना वाटलं, डॉक्टरचं डोकं फिरलं. पण एकदा त्यानं एक चकती मास्तरांच्या कानाला लावली, आणि आत कुठूनशी बारीक पीपपीप ऐकू आली. डॉक्टर म्हणाला, हा माणूस मिसर देशात बसलाय. तार नाही, खांब नाही, साहेब नाही, पगारही नाही. जगभर अशी हौशी माणसं आहेत, ती एकमेकांना नुसत्या हाका मारतात. कोणी ओ दिली की तू कुठला, मी तुला कसा ऐकू येतो, एवढं बोलतात आणि राम राम करतात. मास्तरांना पहिल्यांदा हसू आलं. एवढा खटाटोप करून काय, तर राम राम. पण ते घरी आले आणि त्यांना रात्री जेवण गेलं नाही.

डॉक्टर विलायतेला परत जाताना पेटी मास्तरांना देऊन गेला. ऐकायचं यंत्र, बोलायचं एका दिव्याचं, म्हणजे एका काचेच्या व्हॉल्व्हचं यंत्र, थोडे जास्तीचे दिवे आणि जुन्या मासिकांचा गठ्ठा. जाताना एकच गोष्ट बजावून गेला. बोलायची घाई करू नकोस, आधी ऐकायला शीक. मास्तरांना मनातल्या मनात राग आला. हयात गेली आमची यात, आणि हा आम्हाला ऐकायला शिकवतो.

पण यंत्र मांडून बसले तेव्हा मास्तरांची भंबेरी उडाली. अक्षरं तीच, पण एक कळेल तर शपथ. तारऑफिसात तारेचा आवाज म्हणजे टिचकी. एक टिचकी आणि दुसरी टिचकी यांच्यामधला जो रिकामा वेळ असतो, तो मास्तर ऐकत असत. इथे तो रिकामा वेळच आवाजानं भरून गेला होता. पिपाणी वाजवल्यासारखी सगळी अक्षरं एकात एक मिसळत. मास्तर डोळे मिटून बसत आणि घटकाभरानं कपाळ चोळत उठत. पुढे त्यांना एक युक्ती सुचली. कानाची चकती त्यांनी सावित्रीबाईंच्या पितळी तांब्यात टाकली. पातळ पितळेवर चकती थरथरायला लागली, आवाज चिरका झाला, सुरुवातीला कट्ट आणि शेवटाला कट्ट वाजायला लागलं, आणि मास्तरांना एकदम जालन्याचं ऑफिस भेटल्यागत झालं. तांब्या गेला तो गेलाच. सावित्रीबाई पुढे मातीच्या गडूनं पाणी द्यायला लागल्या आणि चार दिवस धुसफुसत राहिल्या.

तेजाबाच्या बॅटरीची तर वेगळीच कटकट. बॅटरी उतरली की भरून आणायला बीडच्या जिनिंगवर न्यायची. तिथे सरकीच्या धुरळ्यात इंजन चाले, आणि इंजनाच्या पट्ट्यावर एक डायनामो फिरे. जायला गाडी, यायला गाडी, घाटातले धोंडे, आणि मांडीवर ती जड बॅटरी, कारण खाली ठेवली तर हिंदकळते. हिंदकळलीच. मास्तरांच्या एकूण एक धोतराला भोकं पडली. सावित्रीबाई ठिगळं लावत आणि म्हणत की बाया सवतीपायी रडतात, माझी सवत तेजाब पिते. मास्तर गाडीतून उतरले की कंबर धरून ओट्यावर आडवे होत, अर्धा दिवस उठत नसत. कशाला करता हे, असं विचारायला तरी येत होतं कोण?

पण पहाटे, झुंजुमुंजू झालं की सिलोन ऐकू यायचं. तिथे कोणी एक माणूस चहाच्या मळ्यावर राहत होता. नाव मास्तरांना ठाऊक नव्हतं, परवान्याबरोबर मिळते ती अक्षरांची खूण तेवढी ठाऊक होती. तारेच्या धंद्यात माणूस ओळखतात तो हातावरून. कोणाचा हात तडतड्या, कोणाचा आळशी, कोणी दारू पिऊन बसला तर तेही कळतं. सिलोनचा हात थकलेला होता. शेवटचं अक्षर तो जरा लांबवायचा, ओझं खाली ठेवताना माणूस क्षणभर टेकतो तसा. मास्तरांनी पहिल्यांदा ते ऐकलं आणि आपल्या आखडलेल्या बोटांकडे बघितलं. हा आपल्यातला दिसतो, असं ते सावित्रीबाईंना म्हणाले. सावित्रीबाईंनी विचारलं, कोण? मास्तर म्हणाले, हाय एक. तेव्हापासून त्यांच्या जिवाला एकच ध्यास लागला. या माणसाला आपण हाक मारायची आणि यानं आपल्याला ओ द्यायची. एकदा दिली तरी पुष्कळ.

हाक मारायला परवाना लागतो. अर्ज हैदराबादेला गेला, आणि या टेबलावरून त्या टेबलावर फिरत राहिला. मास्तर नाद सोडून बसले होते तेव्हा उर्दूत लिहिलेला परवाना आला. आता उंच तार बांधायची होती, म्हणजे उंच बांबू उभा करायचा होता. आणि इथेच सगळं फिसकटलं.

लिंबागणेशात उंच बांबू उभा करावा तो सिदूनंच. फाल्गुनात मढीच्या यात्रेला नाथाच्या काठ्या निघत, तेव्हा गावाची काठी सिदू उभी करी. बांबूला बांबू जोडायचा, चारी बाजूंनी दोर ताणायचे, आणि तळाशी पाय देऊन उचलायची, हे त्याच्याशिवाय कोणाला साधत नसे. मास्तरांनी त्याला बोलावलं तेही नेमकं फाल्गुनात. सिदूनं बांबू जोडला, दोर बांधले, आणि मग कमरेवर हात ठेवून उभा राहिला. नागवी काठी आपण उभी करत नसतो, म्हणाला. नारळ फोडा, वर भगवं फडकं बांधा, मोरपिसं घाला, मगच हात लावीन. मास्तरांनी सांगून बघितलं की बाबा ही नाथाची काठी नाही, ही यंत्राची आहे. सिदू म्हणाला, असंल, पण बांबूला काय ठावं? मास्तर त्या दिवशी आधीच बीडहून बॅटरी आणून मोडून पडले होते. त्यांनी म्हटलं, फोड बाबा नारळ. नारळ फुटला, फडकं चढलं, काठी उभी राहिली, आणि शेंड्यापासून निघालेली तांब्याची तार अंगणातून खाली उतरून खिडकीतून आत गेली. त्या वेळी जरा भांडले असते तर पुढचं टळलं असतं. पण थकलेला माणूस भांडत नाही, आणि न भांडल्याचं मोल मागाहून मोजतो.

मास्तर रोज पहाटे हाक मारायला लागले. सिलोनवाल्याचं दुसऱ्या कोणाशी बोलणं चालू असलं तर ते संपेपर्यंत थांबायचं, मग त्याची खूण, मग आपली खूण, मग बटण सोडून ऐकायचं. सिलोनवाला ऐकत नव्हता. तो कलकत्त्याला ओ द्यायचा, रंगूनला द्यायचा. मास्तर दुसऱ्या दिवशी पुन्हा बसायचे.

अशाच एका पहाटे शेजारची कडूबाई अंगणात आली. कडूबाई म्हणजे तोंडाची फाटकी, पण सणावाराला, ओटीला, बारशाला तिचा शब्द शेवटचा. तिनं काठीच्या बुडाशी पाणी घातलं आणि खिडकीशी उतरलेल्या तारेला नवसाचा दोरा बांधायला हात लावला. आत मास्तरांनी त्याच वेळी बटण दाबलं. कडूबाईच्या बोटाला मुंगी चावल्यागत झालं. ती किंचाळली नाही. ती तिथेच खाली बसली आणि तिनं कपाळ भुईला टेकलं. दिवस वर यायच्या आत साऱ्या गावाला कळलं की मास्तराच्या अंगणातली काठी जागृत हाय.

मग काय, रीघ लागली. दर अमावास्येला बायका येत, एरवीही येत. तारेला दोरे, दोऱ्यांना बांगड्या, तार जिथे अडकवली होती त्या चिनीमातीच्या गोट्यांना तेल आणि शेंदूर. ज्या बाईच्या हाताला लागलं तिचं गाऱ्हाणं नाथानं ऐकलं, असा हिशेब झाला. मास्तरांनी एकदा सगळ्यांना अंगणात बसवून समजावलं. ही बिजली आहे, मी आत बटण दाबतो तेव्हा ती तारेत शिरते, हाताला बसते ती तीच. सगळ्यांनी मन लावून ऐकलं. मग सिदू म्हणाला की बिजली तरी कोणाची हाय, नाथाचीच की. सगळ्यांना पटलं. मास्तर उठून घरात गेले.

ओले दोरे आणि तेल यांतून हाक गळून जात होती. चाळणीत पाणी भरल्यासारखं चाललं होतं. तार स्वच्छ धुवावी, दोरे कापून टाकावे, नाहीतर काठीच हलवून मळ्यात न्यावी, असं मास्तरांच्या रोज मनात येई. त्यांनी एकदा शिडी काढलीसुद्धा. पण शिडी भिंतीला लावली आणि त्यांची नजर सावित्रीबाईंवर गेली.

सावित्रीबाईंना मूल नव्हतं. बदलीच्या गावांत ते झाकून गेलं, पण लिंबागणेशात काय झाकतंय? ओटी भरायला बायका बसल्या की ताट त्यांच्या समोरून पुढे सरके. बारशाचं बोलावणं यायचं ते मास्तरांना, त्यांना नाही. कोणी वाईट बोलत नसे, तेवढं बरं म्हणायचं. त्याच सावित्रीबाई आता अमावास्येला पहाटे उठून अंगण सारवत, ठेवणीतलं लुगडं नेसत, आणि आलेल्या बायकांना पाट देत. बायका त्यांना काकू म्हणत, शेजारी बसत, पोराबाळांची गाऱ्हाणी सांगत. एखादी लेकरू त्यांच्या मांडीवर ठेवून तारेकडे जाई. मास्तरांनी इतक्या वर्षांत त्यांना असं चार माणसांत मोकळं हसताना बघितलं नव्हतं. त्यांनी शिडी पुन्हा आडवी करून ठेवली. स्वतःचा राग आला त्यांना, तिचाही आला, आणि दोन्ही राग गिळून ते बॅटरी गाडीत चढवायला गेले.

एकच बदल त्यांनी केला. आषाढात एक पोटुशी पोर हाताला लागल्यावर दचकून पडली. काही झालं नाही, पण मास्तर यंत्र सोडून अंगणात धावले. तेव्हापासून बटण दाबायच्या आधी ते खिडकीतून बघत. तारेवर कोणाचा हात असला तर दाबत नसत. एकदा दाबायला लागल्यावर मधेच कोणी येऊन धरलं तर तेवढंच लागे. त्यामुळे लागणं दुर्मीळ झालं, आणि दुर्मीळ झाल्यावर त्याचं मोल जास्तच चढलं. कोणालाही लागत न्हाई, मन साफ लागतं, असं बायका म्हणायला लागल्या. जगात कशाचं काय होईल सांगता येत नाही.

सावित्रीबाईंनी मात्र तारेला कधी हात लावला नव्हता. मास्तरांच्या ते ध्यानातही आलं नव्हतं.

पोळ्याची अमावास्या आली. त्याच दिवशी पिठोरी, म्हणजे लेकुरवाळ्या बायांचा सण. बॅटरी उतरत आली होती, ती आदल्या दिवशीच बीडला जायची, पण पोळ्याच्या तोंडावर खांदेमळणी झालेल्या बैलांच्या मानेवर जू कोण ठेवणार? सिदूच्या घरीही बैल होते, त्यालाही विचारायची सोय नव्हती. मास्तरांनी यंत्राचा दिवा लावून बघितला. पिवळा न पेटता तो तांबूस पेटला. चार हाका होतील, फार तर पाच, असा त्यांनी अंदाज केला आणि चकती तांब्यात ठेवली.

बाहेर बायका जमल्या होत्या. कडूबाईचा आवाज सगळ्यांच्या वर होता. मास्तरांनी खिडकीतून बघितलं, तारेजवळ कोणी नव्हतं. त्यांनी हाक मारली. सिलोनची खूण, आपली खूण. बटण सोडलं. तांब्यात नुसती खरखर. त्यांनी पुन्हा हाक मारली आणि कान तांब्यावर टेकवला. मान दुखत होती, बोटं दुखत होती, सारवलेल्या भुईचा गारवा गुडघ्यात शिरत होता. आणि तांब्यात कट्टकट्ट सुरू झालं. मास्तरांना आधी कळलंच नाही. मग कळलं. सिलोनचा हात त्यांची खूण वाजवत होता. तीच खूण, हैदराबादेनं दिलेली, त्यांची. फार बारीक येतोस, सिलोनवाला म्हणत होता. कोण आहेस, कुठे आहेस, पुन्हा सांग. शेवटचं अक्षर त्यानं सवयीनं लांबवलं.

मास्तरांचा हात बटणावर गेला आणि सवयीनंच त्यांनी खिडकीतून बघितलं. तारेवर हात होता.

हिरव्या काचेच्या बांगड्या, आणि मनगटाच्या वर चुलीच्या डागाची खूण. सावित्रीबाईंचा हात. डोळे मिटून त्या उभ्या होत्या, आणि पाठीमागे सगळ्या बायका बघत उभ्या होत्या. मास्तर थबकले. आत्ता सोडील, त्यांना वाटलं. ती सोडीना. तांब्यात सिलोनवाल्यानं पुन्हा खूण वाजवली. कुठे आहेस? मास्तरांच्या तोंडात शब्द आला होता, अगं सोड, सोड हात. पण चारचौघींत तिला हाड केल्यागत ओरडायचं, तेही आजच्या दिवशी, ते त्यांच्यानं होईना. आणि दाबावं तर तिला लागणार. त्या पोटुश्या पोरीचं पडणं त्यांच्या डोळ्यांसमोर आलं. सावित्रीबाईंनी तार आणखी घट्ट धरली. सिलोनवाल्यानं तिसऱ्यांदा विचारलं. मग जरा थांबला. मग रंगूनला हाक मारली, रंगूननं ओ दिली, आणि दोघं बोलायला लागले.

मास्तर तांब्याकडे बघत बसले. रडू आलं असतं तर बरं वाटलं असतं, पण तेवढीही ताकद उरली नव्हती. दोघांचं बोलणं आटोपलं, राम राम झाला, आणि तांब्यात पुन्हा खरखर उरली.

दार ढकलून सावित्रीबाई आत आल्या. पिठाचे दिवे घ्यायला आल्या होत्या, पण दिव्यांकडे न जाता भिंतीला टेकून उभ्या राहिल्या. त्यांचा चेहरा बघून मास्तरांना आपलं दुःख क्षणभर विसरायला झालं. काय झालं, त्यांनी विचारलं.

"न्हाई लागलं," सावित्रीबाई म्हणाल्या. "कडूबाई म्हनली, आज तूबी धर, नाथ तुझ्या अंगनात हाय, तुला कावून न्हाई पावनार. मी लई दिस टाळत हुते. आज धरलं. सगळ्या बघत हुत्या. मला न्हाई लागलं."

लागायला नको म्हणून मास्तर हात रोखून बसले होते, आणि ती लागावं म्हणून धरून उभी होती. दोघंही एकमेकांची वाट बघत होते आणि मधे सिलोन निघून गेलं. त्यांना हसावं की भिंतीवर डोकं आपटावं कळेना. यंत्राचा दिवा अजून जळत होता, तांबूस, विझत्या निखाऱ्याएवढा. एक हाक झाली असती त्यात. सिलोनवाला आता मोकळा होता, आणि कदाचित अजून कान लावून बसला होता.

"जा," मास्तर म्हणाले. "पुन्हा एकदा धर."

आता कशाला, झालं तेवढं हसं बास झालं, असं त्या म्हणाल्या. मास्तरांनी पुन्हा सांगितलं, जा म्हणतो ना. जरा उशीर लागतो कधी कधी. सावित्रीबाईंनी त्यांच्याकडे बघितलं, पदर सारखा केला आणि बाहेर गेल्या.

मास्तरांनी खिडकीतून बघितलं. हात तारेवर आला. बांगड्या खाली घसरल्या. मास्तरांनी बटण दाबलं आणि दाबूनच धरलं. अक्षर नाही, खूण नाही, नुसतं दाबून धरलं. बोटं आखडली तेव्हा दुसरा हात त्यांनी वर ठेवला. बाहेर कडूबाईचा आवाज आला, मग सगळ्यांचाच आला. दिवा तांबड्याचा काळा झाला आणि विझला.

पुष्कळ वेळानं सावित्रीबाई आत आल्या. कपाळभर कुंकू, ओटीत खणनारळ. इतक्या वर्षांत कोणी भरली नव्हती ती ओटी आज कडूबाईनं स्वतः भरली होती. त्या मास्तरांच्या शेजारी खाली बसल्या आणि आपलं बोट चोळत राहिल्या.

"तुमी दाबलं व्हतं का?" त्यांनी हळूच विचारलं.

"न्हाई," मास्तर म्हणाले आणि विझलेल्या दिव्याकडे बोट केलं. "बॅटरी मेलीय. बघ की."

सावित्रीबाईंनी दिव्याकडे बघितलं. मग मास्तरांचा आखडलेला हात आपल्या मांडीवर घेऊन त्या बोटं एकेक करून उलगडायला लागल्या.

"आन् तुमचं? कोन बोललं का आज?"

"न्हाई. आज न्हाई."

"बोलंल की," सावित्रीबाई म्हणाल्या. "मला एवढ्या वर्सांनी लागलं. तुमालाबी घावंल कोनीतरी."